शाळेने दिलेल्या लॅपटॉपमधून शाळेला काय काय दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी सातवीत. शाळेने तिला लॅपटॉप दिला आणि सोबत सहीसाठी एक संमतिपत्र पाठवलं. त्यात 'विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी या उपकरणावर देखरेख ठेवली जाईल' एवढं एकच वाक्य आहे. आईला चार गोष्टी विचारायच्या आहेत. ही देखरेख घरीही चालू असते का? नेमकं काय काय दिसतं? सही करावी का? आणि मुलीला हे सांगावं का, की ती उगाच घाबरेल?

मी सोळा वर्षं शाळांच्या कॉम्प्युटर व्यवस्थेचं काम करते आहे. अशी सॉफ्टवेअर मी निवडली आहेत, बसवली आहेत, त्यांच्या सेटिंग्ज ठरवल्या आहेत, आणि त्यांचे अलर्ट मध्यरात्री माझ्या फोनवर आलेले आहेत. पडद्याच्या पलीकडे बसलेल्या माणसाला काय दिसतं ते मी पाहिलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. शाळेने लेखी 'नाही' म्हटलेलं नसेल, तर घरीही चालू आहे असंच धरून चाला. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वेळापत्रक लावायची सोय असते. शाळेची वेळ संपली की देखरेख आपोआप थांबते. पण ती सोय कुणीतरी मुद्दाम चालू करावी लागते. मी हाती घेतलेल्या कित्येक शाळांत ती सेटिंग कुणी उघडूनही पाहिलेली नव्हती. कुणाच्या मनात वाईट होतं असं अजिबात नाही. चारशे लॅपटॉप सोमवारी वाटायचे असतात, माणसं दोन असतात, आणि जे कंपनीकडून चालू होऊन आलं ते चालूच राहतं.

आता काय दिसतं ते. 'देखरेख' या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळी यंत्रणा येतात आणि प्रत्येकीची नजर वेगळी असते. सगळ्यात साधा तो फिल्टर: कोणती साइट उघडायची, कोणती अडवायची हे ठरवणारा. त्याच्याकडे मुलं कुठे गेली, कधी गेली याची नोंद राहते. दुसरं वर्गात वापरायचं साधन. शिक्षकांच्या पडद्यावर सगळ्या मुलांचे पडदे छोट्या छोट्या चौकटींत दिसतात. ते एखादी टॅब बंद करू शकतात, सगळ्यांचे पडदे गोठवू शकतात. वर्गाच्या तासापुरतं असेल तर मला यात फार वावगं वाटत नाही. बाकांमधून फिरणारे शिक्षकही हेच करत असतात.

तिसरं, उपकरणांची व्यवस्था पाहणारं सॉफ्टवेअर. याच्याबद्दल पालकांना सगळ्यात जास्त भीती वाटते, आणि खरं तर ते बऱ्याचदा सगळ्यात मर्यादित असतं. उदाहरणार्थ, शाळेच्या ताब्यातल्या आयपॅडचं ठिकाण त्याच्या व्यवस्थापन यंत्रणेतून बघायचं असेल, तर आधी तो 'हरवला' म्हणून लॉक करावा लागतो, आणि ते वापरणाऱ्याला पडद्यावर दिसतं. त्या यंत्रणेतून मुलांचे फोटो किंवा मेसेज वाचता येत नाहीत. ही मर्यादा अ‍ॅपलने मुळातच घातलेली आहे. इतर लॅपटॉपांवर अशी भिंत असेलच असं नाही, आणि तिथे सगळं शाळेने काय बसवलं यावर अवलंबून असतं.

चौथं आहे मजकूर तपासणारं सॉफ्टवेअर. हे उत्तर मी मुख्यतः त्याच्यासाठीच लिहिते आहे. मूल शाळेच्या खात्यातून जे ईमेल पाठवतं, जी कागदपत्रं लिहितं, जे गप्पांमध्ये टाइप करतं, जे सर्च करतं, ते सगळं हे सॉफ्टवेअर वाचतं. आत्महत्या, हिंसा, दादागिरी, नशा, अश्लीलता अशा गटांतलं काही सापडलं असं त्याला वाटलं की स्क्रीनशॉट काढतं आणि शाळेला अलर्ट पाठवतं. काही कंपन्यांत अलर्ट शाळेकडे जाण्याआधी तपासायला मध्ये माणसं बसलेली असतात. ती कोण, कुठल्या शहरातली, त्यांना काय शिकवलेलं आहे, हे शाळेलाही सहसा माहीत नसतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नव्वद टक्के गोंधळ तिच्यामुळे होतो. देखरेख लॅपटॉपला चिकटलेली असते तशीच ती खात्यालाही चिकटलेली असते. मुलीने घरच्या कॉम्प्युटरवर क्रोम उघडून त्यात शाळेच्या खात्याने साइन इन केलं, तर शाळेने सक्तीचं केलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवरच्या त्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे क्रोममधल्या त्या खात्याच्या कप्प्यात, आपोआप येऊन बसू शकतं. मग त्याच प्रोफाइलमध्ये तुम्ही रात्री बँकेचं काम केलंत किंवा स्वतःच्या आजाराबद्दल काही शोधलंत, तर ती पानंसुद्धा शाळेच्या नोंदीत जाऊ शकतात. माझ्या पाहण्यात एका वडिलांचे नोकरीसाठीचे अर्ज असे शाळेच्या कन्सोलवर, म्हणजे देखरेखीच्या पडद्यावर, येत होते. ते कुणी शोधायला गेलं नव्हतं. मुलाच्या नावापुढे आपोआप उमटत होते. त्यावर उपाय सोपा आहे: घरच्या कॉम्प्युटरवर शाळेच्या खात्यासाठी वेगळं प्रोफाइल करा आणि काम झालं की ती खिडकी बंद करा. मोबाइलवर शाळेने एखादं 'सर्टिफिकेट' बसवायला सांगितलं तर आधी थांबा आणि विचारा. ते बसवल्यावर शाळेच्या नेटवर्कवरून जाताना एरवी बंद पाकिटात जाणारी बरीचशी माहिती उघडून वाचता येते. शाळेच्या लॅपटॉपवर ते समजण्यासारखं आहे. मुलांच्या स्वतःच्या फोनवर मी ते कधीच बसवू दिलेलं नाही.

हे स्वतः तपासून पाहता येतं. लॅपटॉपवर क्रोम असेल तर वरच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि मॅनेजमेंट असं टाइप करा. तुमच्या संस्थेला या ब्राउझरमध्ये काय काय दिसू शकतं आणि कोणती एक्स्टेन्शन सक्तीने बसवली आहेत, याचं एक पान उघडतं. मॅनेजमेंटच्या जागी पॉलिसी लिहिलंत तर सेटिंग्जची लांबलचक यादी दिसते. सगळी समजणार नाही, पण एक्स्टेन्शनांची नावं मिळतील. ती नावं पुढे पत्र लिहिताना कामाला येतात.

आता एक प्रसंग सांगते. शाळेचं नाव सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत. रात्री पावणेअकराला फोन वाजला: 'स्वतःला इजा, तीव्रता उच्च'. नववीतली मुलगी. स्क्रीनशॉटमध्ये तिच्या निबंधाचा कच्चा मसुदा होता. विषय होता 'माझ्या आयुष्यातला एक कठीण दिवस'. आजी गेली त्या रात्रीबद्दल तिने लिहिलं होतं, आणि त्यात एक ओळ होती: 'मलाही आता जगायचं नाही असं वाटलं.' नियमाप्रमाणे मी मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांनी घरी फोन केला. आईवडिलांचे फोन सायलेंटवर होते. पालक लागले नाहीत तर पोलिसांना कळवायचं, असा नियम आम्हीच कागदावर लिहून ठेवलेला होता. पावणेबाराला दोन पोलीस तिच्या दारात उभे होते. मुलगी झोपलेली होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्या खोलीत आली. रडत नव्हती, ओरडत नव्हती. तिने एकच विचारलं: 'ते वाक्य मी खोडलं होतं. मग तुम्ही कसं वाचलं?'

खरोखरच खोडलं होतं. सव्वादहाला लिहिलं आणि पुढच्या पाच मिनिटांत काढून टाकलं होतं. सॉफ्टवेअरने मधल्या क्षणी चित्र टिपलं आणि ते तपासणीतून माझ्यापर्यंत येईस्तोवर अर्धाएक तास गेला. मी तिला यंत्रणा कशी चालते ते समजावलं. ती ऐकून निघून गेली. नंतर तिच्या बाईंनी सांगितलं की तिने निबंधाचा विषय बदलून घेतला आणि प्रदूषणावर दोन पानं लिहून दिली.

त्या दिवसानंतर मी या कामाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. लिहिता लिहिता खोडणं म्हणजे विचार करणं. मूल वाक्य लिहून बघतं, ते आपलं आहे का हे तपासतं, नसेल तर पुसतं. या मधल्या जागेत कुणी उभं असेल तर मूल लिहायच्या आधीच खोडायला शिकतं. आणि ज्या मुलाला खरोखर मदत हवी आहे तेही हेच शिकतं, ही त्यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट. रात्री एकट्याने 'मला असं का वाटतं' हे सर्च करणं ही अनेक मुलांची मदत मागायची पहिली पायरी असते. ती पायरी मुख्याध्यापकांच्या दारात उतरते हे कळलं की मूल तिथे पाय ठेवणार नाही.

या सॉफ्टवेअरने कधीच काही चांगलं होत नाही, असं मी म्हणणार नाही. माझ्या हातून एक अलर्ट असा गेला की त्यामुळे एका मुलाला वेळेवर दवाखान्यात नेता आलं, आणि त्याबद्दल मला आजही हायसं वाटतं. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने २०२३ मध्ये आत्महत्येचा धोका ओळखणाऱ्या अशा सॉफ्टवेअरचा अभ्यास केला. एरवी लक्षात आली नसती अशी मुलं यामुळे लक्षात आली, असं शाळेतल्या लोकांनी त्यांना सांगितलं. पण ही साधनं एकंदरीत किती अचूक आहेत, फायदा जास्त की तोटा, याचा ठोस पुरावा फार थोडा आहे, असंही त्यांना आढळलं. म्हणजे आपण लाखो मुलांवर एक गोष्ट वापरतो आहोत आणि तिचा गुण येतो की नाही हे धड तपासलेलं नाही.

आकड्यांचा एक साधा हिशोब करून बघा. हा नुसता कल्पनेतला आहे. शाळेत १००० मुलं. प्रत्येकाच्या रोजच्या सर्च, मेल, लिखाणाचे मिळून २०० तुकडे सॉफ्टवेअर तपासतं. म्हणजे दिवसाला दोन लाख. सॉफ्टवेअर इतकं चांगलं आहे असं धरा की दहा हजारांत एकदाच चुकतं. तरी रोज २० चुकीचे अलर्ट येतील. वर्षात शाळेचे १८० दिवस धरले तर ३६०० होतात. खरोखर गंभीर प्रकरणं वर्षाला दोन असतील, चार असतील. ती या ३६०० मधून वेगळी काढायची कुणी? एक समुपदेशक, जी आधीच दोन शाळा सांभाळते. पहिल्या महिन्यात ती प्रत्येक अलर्ट वाचते. तिसऱ्या महिन्यात विषय वाचून बंद करते. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्या बाईंना दोष द्यायला माझी जीभ धजावत नाही.

चुका होतात कुठे, तर बहुधा अभ्यासातच. प्रोग्रामिंग शिकताना एखादी चालू प्रक्रिया थांबवायच्या आज्ञेचं नाव 'किल' आहे. युद्ध, वंशसंहार, व्यसनमुक्ती, पाळी, लैंगिक आरोग्य हे सगळे धडे आहेत. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये माहितीचे अर्ज करून शाळांकडून गोगार्डियन या सॉफ्टवेअरच्या नोंदी मिळवल्या. त्यांत महाविद्यालय प्रवेशाच्या साइट्स, समुपदेशनाच्या साइट्स, अगदी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा मजकूरसुद्धा धोकादायक म्हणून फ्लॅग झालेला होता. आणि शब्दसूची तयार होते एका भाषेत, तर मुलं लिहितात दोन-तीन भाषा मिसळून, स्वतःच्या टोपणशब्दांत. त्यामुळे घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत नको ते पकडलं जातं आणि हवं ते सुटतं.

कॅमेऱ्याबद्दल प्रत्येक पालक विचारतात, म्हणून एक जुनं पण महत्त्वाचं प्रकरण सांगते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात लोअर मेरियन नावाचा शाळा-जिल्हा, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, आहे. त्यांनी मुलांना लॅपटॉप दिले आणि चोरी झाल्यास शोधता यावेत म्हणून त्यांत एक सोय ठेवली: चालू केली की ठरावीक मिनिटांनी कॅमेऱ्यातून फोटो आणि पडद्याचं चित्र घ्यायचं. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा मधेच लुकलुकतो, अशी मुलांची तक्रार होती. त्यांना तांत्रिक बिघाड म्हणून सांगितलं गेलं. मग एका मुलाला उपमुख्याध्यापिकेने त्याच्याच खोलीतला फोटो दाखवला, तेव्हा सगळं बाहेर आलं. खटला २०१० च्या फेब्रुवारीत दाखल झाला. चौकशीत ५० हजारांहून जास्त चित्रं सापडली, त्यांत झोपलेली मुलंही होती. त्याच वर्षी जिल्ह्याने ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड केली. मला त्यातली एक गोष्ट अजून छळते. ही सोय काही लॅपटॉपांवर चालू केली गेली आणि बंद करायची राहून गेली. कुणीही 'मुलांच्या खोल्यांत बघू या' असं ठरवलेलं नव्हतं. माझ्या कामात मी सगळ्यात जास्त भीते ती याच प्रकाराला: उघडं राहिलेलं दार.

तेव्हा कॅमेऱ्यावर सरकती झाकणी किंवा कागदाची चिकटपट्टी लावायला काही हरकत नाही. ऑनलाइन परीक्षेच्या वेळी काही ठिकाणी कॅमेरा फिरवून पूर्ण खोली दाखवायला सांगतात. अमेरिकेत क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत २०२२ मध्ये न्यायालयाने अशी खोलीची पाहणी ही अवाजवी झडती ठरवली. तो विद्यापीठाचा मामला असला तरी घर ते घरच. शाळेने असं मागितलं तर दुसरा मार्ग काय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता जी गोष्ट पालक क्वचितच विचारतात ती: साठवलेली माहिती जाते कुठे? देखरेख करणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, साठा चोरांसाठी असतोच. पॉवरस्कूल या कंपनीचं सॉफ्टवेअर अनेक देशांतल्या शाळा विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी वापरतात. २०२४ च्या डिसेंबरात चोरलेल्या पासवर्डने तिथे शिरकाव झाला. अमेरिकी सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार ६ कोटींहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती गेली. टोरांटोच्या शाळा मंडळाने सांगितलं की त्यांच्याकडच्या नोंदी १९८५ पासूनच्या होत्या. म्हणजे शाळा सोडून कित्येक दशकं झालेल्या माणसांची माहिती तिथे पडून होती! मिनियापोलिसच्या शाळांवर २०२३ मध्ये हल्ला झाला, खंडणी दिली नाही म्हणून तीन लाखांहून जास्त फाइल्स इंटरनेटवर टाकल्या गेल्या, त्यांत अत्याचाराच्या आणि मानसिक आजारांच्या नोंदी होत्या.

आणि देखरेखीचे स्क्रीनशॉट स्वतःच गळू शकतात. गॅगल नावाचं एक सॉफ्टवेअर वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरच्या शाळा वापरत होत्या. २०२५ मध्ये बातमीदारांनी तिथल्या नोंदी मागितल्या. शाळेने दिलेल्या फाइलमध्ये मुलांच्या स्क्रीनशॉटच्या लिंक होत्या आणि त्या कुणालाही पासवर्डशिवाय उघडत होत्या. जवळजवळ ३५०० कागद. त्यांत कविता होत्या, निबंध होते, मित्राला सांगितलेली दुःखं होती. मुलांना सुरक्षित ठेवायला गोळा केलेलं तेच मुलांच्या अंगावर उलटलं.

कायद्याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण प्रत्येक देशात तो वेगळा आहे आणि मी वकील नाही. अमेरिकेत १९७४ च्या फर्पा कायद्याने पालकांना मुलांच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क आहे आणि शाळेने त्या ४५ दिवसांत दाखवायच्या असतात. तिथल्या शाळा 'सिपा कायद्यामुळे आम्हाला देखरेख ठेवावीच लागते' असं सांगतात; २००० सालचा तो कायदा फिल्टर लावायला आणि लक्ष ठेवायला सांगतो खरा, पण ओळखता येईल अशा कुठल्याही मुलाच्या इंटरनेट वापराचा माग काढणं बंधनकारक नाही, असं त्यातच लिहिलेलं आहे. विक्रेते हे वाक्य दाखवत नाहीत. युरोपात २०१९ मध्ये स्वीडनमधल्या स्केलेफ्टेओ इथल्या शाळेला २ लाख क्रोनर दंड झाला, कारण त्यांनी २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने घेऊन पाहिली होती. पालकांची संमती होती. पण मूल शाळेवर अवलंबून असताना दिलेली संमती मोकळेपणाने दिलेली म्हणता येत नाही, असं तिथल्या नियामकाने सांगितलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. भारतातल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे, मात्र २०२५ च्या नियमांनी शाळांना शिक्षण आणि सुरक्षितता या कारणांसाठी त्यातून सूट दिली आहे. सूट आहे म्हणजे काहीही चालेल असं नव्हे. पण कायद्याच्या भरवशावर स्वस्थ बसण्यासारखी स्थिती कुठेच नाही.

म्हणून संमतिपत्राकडे येऊ. सही न करणं हा बहुतेकांना परवडणारा मार्ग नसतो. लॅपटॉप नाही तर गृहपाठ नाही, आणि शिक्षा मुलीला होते. मी तुमच्या जागी असते तर सही केली असती आणि सोबत एक पत्र जोडलं असतं. पत्र वर्गशिक्षिकांना नको, त्यांच्या हातात काही नसतं. मुख्याध्यापक आणि कॉम्प्युटर व्यवस्था बघणारी व्यक्ती, दोघांच्या नावाने लिहा. सूर सहकार्याचा ठेवा. माझ्याकडे आलेल्या ज्या पत्रांना मी सगळ्यात आधी उत्तर दिलं ती रागाने लिहिलेली नव्हती, नेमकी लिहिलेली होती.

विचारायचं हे: कोणकोणती सॉफ्टवेअर आहेत, त्यांची नावं. शाळेच्या वेळेबाहेर, सुट्टीत आणि घरच्या नेटवर्कवर ती चालू असतात का. असतील तर बंद करता येतील का. खाजगी उपकरणावर शाळेचं खातं उघडलं तर काय होतं. कॅमेरा, माइक आणि ठिकाण यांतलं काय कुणाच्या परवानगीने चालू होतं, आणि तसं झालं की पालकांना कळवतात का. अलर्ट पहिल्यांदा कोण वाचतं, शाळेतलं माणूस की कंपनीतलं, आणि रात्री आला तर काय करतात. पोलिसांना कोणत्या परिस्थितीत कळवतात, आणि त्याआधी घरी किती वेळा फोन करतात. अलर्टची नोंद मुलांच्या फाइलमध्ये जाते का, चुकीची निघाली तर काढतात का. स्क्रीनशॉट आणि हिस्टरी किती दिवस ठेवतात. कंपनी ही माहिती आपलं सॉफ्टवेअर सुधारायला वापरते का. आणि मूल शाळा सोडून गेलं की सगळं पुसल्याचं पत्र मिळतं का.

यातल्या एकाच प्रश्नावर अडून बसायचं झालं तर मी मुदतीच्या प्रश्नावर बसेन. वर्गातल्या हिस्टरीला ३० दिवसांपेक्षा जास्त आयुष्य असायचं मला तरी कारण सापडलेलं नाही. भांडण लागलं, चौकशी निघाली तर तेवढ्या दिवसांत लागतेच. जे पुसलं गेलं ते चोरीला जात नाही. एका शाळेत मी हा बदल करून घेतला तेव्हा तीन वर्षांच्या नोंदी एका दुपारी गेल्या. नंतर त्यांची गरज पडली असं एकदाही कुणी सांगितलं नाही.

आणि उत्तरात 'आमच्याकडे सगळं सुरक्षित आहे' एवढंच आलं तर तेच पत्र पालक-शिक्षक बैठकीत ठेवा. एका आईचं पत्र फाइलीत जातं, दहा जणांचं पत्र कंपनीच्या विक्रेत्याकडे जातं. शाळा ही ग्राहक असते, हे शाळाच विसरतात. वेळापत्रक लावणं, मुदत कमी करणं, एखादा गट बंद करणं या गोष्टी बहुधा एका फोनवर होतात.

एक इशारा. सॉफ्टवेअर काढून टाकायचे, चुकवायचे उपाय मुलं शोधतातच, आणि काही पालकही मदत करतात. करू नका. पकडलं गेलं की मुलीवर नियमभंगाचा ठपका बसतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. त्यापेक्षा शाळेचं खातं शाळेच्या कामापुरतं वापरायचं आणि बाकी सगळ्यासाठी घरचं साधन, घरचं खातं. घरात दुसरं साधन नसेल तर ही सगळी पाळत तुमच्याच मुलीवर सगळ्यात जास्त पडते, कारण तिचं सगळं जग त्या एकाच लॅपटॉपमध्ये आहे. पत्रात हे स्पष्ट लिहा. ज्यांच्याकडे दोन-दोन फोन आहेत त्या मुलांचं खाजगी आयुष्य आपोआप वाचतं. शाळेला हे कुणीतरी सांगावं लागतं.

काही कंपन्या पालकांनाही अ‍ॅप देतात, मुलीने दिवसभरात काय पाहिलं ते तुमच्या फोनवर दिसतं. ते घ्यायच्या आधी विचार करा. मी माझ्या मुलासाठी ते चार दिवस वापरलं. पाचव्या दिवशी जेवताना त्याने शाळेतलं काही सांगायला सुरुवात केली आणि ते मला आधीच माहीत होतं. त्याच्या लक्षात आलं. त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि पाणी प्यायला. त्याच रात्री मी अ‍ॅप काढून टाकलं.

शेवटचा प्रश्न मुलीला सांगण्याचा. नक्की सांगा, आणि आजच सांगा. तिच्या शेजारी बसून ते मॅनेजमेंटचं पान दोघींनी मिळून उघडा. हे काय, ते काय, तिला वाचू दे. सातवीतल्या मुलीला यातलं बरंच समजतं, कधीकधी आपल्यापेक्षा लवकर. मन मोकळं करायला, नाजूक काही विचारायला हे खातं वापरायचं नाही हे सांगताना, मग ते कुठे विचारायचं याचंही उत्तर तयार ठेवा: तुम्ही, मावशी, डॉक्टर, एखाद्या हेल्पलाइनचा नंबर, घरचा फोन कुणी न बघता वापरायची मुभा. नुसता मज्जाव केलात तर ती कुठेच विचारणार नाही.

ती बहुधा विचारेल, 'म्हणजे मी आत्तापर्यंत जे शोधलं ते कुणी वाचलं का?' त्यावर 'कदाचित हो, मलाही नक्की माहीत नाही, मी शाळेला विचारते आहे' असं सांगा आणि शाळेला लिहिलेलं पत्र पाठवण्याआधी तिला वाचायला द्या. तिला त्यात एखादा प्रश्न वाढवायचा असेल, तर तोही तिच्याच शब्दांत घाला.